उन्हाचे श्रेय, उन्हाची मर्यादा

आज रथसप्तमी. तुळशीपुढे सूर्याच्या रथाची रांगोळी, गोवरीच्या विस्तवावर उतू घालवलेले दूध, संक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवांची सांगता आणि शाळांच्या मैदानांवर सूर्यनमस्कारांच्या रांगा असा हा दिवस. माघ शुद्ध सप्तमीला आरोग्यसप्तमीही म्हणतात. सूर्याकडे निरोगी आयुष्य मागण्याची आपली रीत जुनी आहे. अलीकडे तिला ड जीवनसत्त्वाची जोड मिळाली आहे. थंडी सरता सरता घरोघरी खोकला रेंगाळतो, फ्लूचे रुग्ण वाढतात, दवाखान्यात रक्त तपासले जाते आणि अहवालात ‘ड जीवनसत्त्व’ या ओळीसमोरचा आकडा ठळक ठशात छापून येतो. मग साठ हजार युनिटची पुडी, आठवड्यातून एकदा, दुधातून. तिच्याबरोबर एक समजूतही घरात शिरते: हा आकडा वर गेला की विषाणू वाट्याला जाणार नाही, आणि गेलाच तर आजार हलका जाईल. कोविडच्या लाटांनी ही समजूत पक्की केली. सूर्याच्या सणाला तिची तपासणी व्हायला हवी. तिच्यात थोडे सत्य आहे, बरीच आशा आहे आणि एका मोठ्या सामाजिक प्रश्नाकडे पाठ फिरवण्याची सोयही आहे.

आधी सूर्याचे श्रेय मोकळेपणाने मान्य करू. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या युरोपीय शहरांत मुडदुसाचा कहर होता. मुलांचे पाय वाकत, बरगड्यांवर गाठी येत. जपानमध्ये काम केलेल्या थिओबाल्ड पाम या ब्रिटिश मिशनरी डॉक्टरने १८९० मध्ये लिहिले की उन्हाच्या देशांत हा रोग क्वचितच दिसतो, तेव्हा मुलांना उन्हात न्या. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९१९ मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरने मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील किरणांच्या दिव्याने उपचार केले. किरण एका हातावर सोडले, तरी क्ष-किरण चित्रात दुसऱ्या हाताची हाडेही भरून येताना दिसली. त्वचेत काहीतरी तयार होत होते आणि रक्तावाटे अंगभर पोचत होते. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये एडवर्ड मेलनबी कुत्र्यांवर प्रयोग करून कॉडलिव्हर ऑइलने मुडदूस टळतो हे दाखवत होते. दोन्ही वाटा एकाच पदार्थापाशी पोचल्या आणि १९२२ मध्ये त्याला ड हे अक्षर मिळाले. मुडदूस हटला तो या शोधामुळे. हाडांच्या बाबतीत ड जीवनसत्त्वाचे काम वादातीत आहे.

फुफ्फुसांच्या बाबतीतही सूर्यावर भिस्त ठेवण्याचा मोठा इतिहास आहे. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार करणाऱ्या नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल मिळाले. स्वित्झर्लंडमधल्या लेझांला डॉ. ऑग्युस्त रोलिए क्षयरुग्णांना उघड्या सज्जांवर उन्हात झोपवत. आपल्याकडे पाचगणीची आणि मिरजेजवळच्या वानलेसवाडीची सॅनिटोरियम मोकळी हवा, विश्रांती आणि आहार यांच्या विश्वासावर उभी राहिली. जामनगरला तर रणजितसिंहजींनी सूर्याच्या दिशेने फिरणारी इमारत बांधून घेतली. त्या काळी क्षयावर औषध नव्हते, त्यामुळे उन्हाकडे वळणे स्वाभाविक होते. औषधे आल्यावर मात्र या विश्वासाची परीक्षा झाली, आणि ती भारतातच झाली. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले. एका गटाला सॅनिटोरियमची खाट, विश्रांती आणि चांगला आहार. दुसऱ्याने आपल्या दाटीवाटीच्या घरीच राहायचे. औषधे दोघांनाही तीच. १९५९ मध्ये निष्कर्ष आले: बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. या एका चाचणीने जगभरच्या गरीब क्षयरुग्णांना रुग्णालयातल्या खाटेच्या प्रतीक्षेतून सोडवले. श्रद्धेची प्रामाणिक परीक्षा घेतली की लोकांचे किती भले होते, याचे याहून चांगले उदाहरण आपल्याकडे नाही.

ड जीवनसत्त्व आणि श्वसनमार्गाचे विषाणू यांचा संबंध कल्पनेतून आलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले की जंतूंना गिळणाऱ्या भक्षक पेशी स्वतःच ड जीवनसत्त्व कामाच्या रूपात आणतात आणि त्याच्या बळावर कॅथेलिसिडिन नावाचे जंतुनाशक प्रथिन तयार करतात. ज्यांच्या रक्तात ड कमी, त्यांच्या रक्तद्रवात हे प्रथिन कमी तयार झाले. इंग्लंडमध्ये सायरेन्सेस्टरला दवाखाना चालवणारे डॉ. एडगर होप-सिम्पसन यांनी त्याआधीच, १९८१ मध्ये, इन्फ्लुएंझाचा हंगाम सूर्याच्या वार्षिक फेऱ्याशी जुळतो असे मांडले होते. पुढे इतरांनी या फेऱ्याची सांगड ड जीवनसत्त्वाशी घातली. हिवाळ्यात ऊन कमी, ड कमी आणि फ्लू जास्त, अशी ही साखळी होती. जैविक आधार होता, निरीक्षण होते. उरली होती ती परीक्षा.

२०२० मध्ये करोना आला आणि परीक्षेआधीच निकाल लागला. मार्चमध्ये पुण्यात पहिले रुग्ण सापडले आणि काही महिन्यांत घरोघरच्या गोळ्यांच्या पाकिटात झिंक आणि क जीवनसत्त्वाशेजारी ड येऊन बसले. देशोदेशीच्या रुग्णालयांतून एकच निरीक्षण येत होते: अत्यवस्थ रुग्णांची ड पातळी कमी. हे निरीक्षण खरे होते. त्याचा अर्थ लावताना घाई झाली.

ड पातळी कोणाची कमी असते? वृद्धांची, घराबाहेर न पडणाऱ्यांची, स्थूल माणसांची, मधुमेह आणि मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांची. करोनाने सर्वाधिक छळले तेही यांनाच. शिवाय आजार स्वतःच ही पातळी खाली आणतो. गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे रक्त आधी आणि नंतर तपासले, तेव्हा काही दिवसांतच त्यांची ड पातळी चांगलीच घसरलेली दिसली. ऊन तेच, आहार तोच. फरक पडला तो शरीरातल्या दाहामुळे. मग भडकलेल्या न्यूमोनियासह दाखल झालेल्या रुग्णाचा कमी आकडा हा त्याच्या आजाराचे कारण मानायचा की परिणाम? पुरात नदीकाठच्या मोजपट्टीवर पाणी कुठवर चढले ते दिसते. पट्टीवरच्या खुणा खरवडल्याने पूर ओसरत नाही. २०१४ मध्येच फिलिप ओतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो अभ्यास पडताळून हा इशारा दिला होता: कमी ड पातळी ही बहुतेक वेळा ढासळलेल्या प्रकृतीची खूण असते.

कारण की खूण, याचा निवाडा एकाच मार्गाने होतो. सारख्या रुग्णांचे दैवगतीने दोन गट पाडायचे, एकाला औषध द्यायचे, दुसऱ्याला नाही, आणि काय होते ते पाहायचे. अशा चाचण्या झाल्या. पहिली बातमी स्पेनमधल्या कोर्दोबाहून आली. रुग्णालयात दाखल ७६ रुग्णांपैकी ५० जणांना यकृतात तयार होणारे ड जीवनसत्त्वाचे रूप थेट दिले. त्यांतल्या एकालाच अतिदक्षता विभागात हलवावे लागले. औषध न दिलेल्या २६ पैकी १३ जणांना हलवावे लागले. आकडे ऐकून कोणाचेही मन उचल खाईल. पण चाचणी लहान होती, औषध कोणाला मिळाले हे डॉक्टरांना माहीत होते आणि औषध न मिळालेल्या गटात मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण जास्त होते. चंडीगडच्या पीजीआयमध्ये सौम्य किंवा लक्षणे नसलेल्या ४० जणांवरच्या चाचणीतही ड दिलेल्यांपैकी अधिक जण लवकर विषाणुमुक्त झाले, तीही लहानच.

मोठ्या आणि नेटक्या चाचण्यांनी चित्र बदलले. ब्राझीलमध्ये साओ पावलोत मध्यम ते तीव्र करोनाच्या सुमारे २४० रुग्णांपैकी निम्म्यांना २ लाख युनिटचा एकच डोस दिला. त्यांची ड पातळी चढली, पण रुग्णालयातले दिवस कमी झाले नाहीत आणि मृत्यूंतही फरक पडला नाही. फ्रान्समध्ये करोना झालेल्या वृद्धांना मोठा डोस दिल्यावर १४ दिवसांपर्यंत मृत्यू कमी दिसले, २८ व्या दिवशी तो फरक टिकला नव्हता. ब्रिटनमध्ये ६,२०० प्रौढांपैकी काहींची पातळी तपासून ज्यांना कमी होती त्यांना सहा महिने रोज गोळ्या दिल्या. श्वसनाचे आजार आणि करोना दोन्ही कमी झाले नाहीत. नॉर्वेत ३४ हजारांहून अधिक लोकांना कॉडलिव्हर ऑइल किंवा त्यासारखेच दिसणारे साधे तेल दिले, निष्कर्ष तोच. या दोन चाचण्यांतल्या बहुतेकांची पातळी मुळात फार खालावलेली नव्हती, एवढी मर्यादा ध्यानात ठेवली तरी करोनाचा रुग्ण ड जीवनसत्त्वाने वाचवता येतो, असे आज कोणी जबाबदारीने म्हणू शकत नाही.

करोना सोडून एरवीच्या सर्दी, फ्लू आणि न्यूमोनियाचे काय? २०१७ मध्ये लंडनच्या एड्रियन मार्टिनो यांच्या गटाने २५ चाचण्यांतल्या जवळपास ११ हजार लोकांची माहिती एकत्र केली. ड दिल्याने श्वसनमार्गाच्या संसर्गाची शक्यता थोडी घटल्याचे दिसले. सर्वांत जास्त लाभ झाला तो ज्यांची पातळी रक्ताच्या दर मिलिलिटरमागे १० नॅनोग्रॅमच्याही खाली होती आणि ज्यांना रोज किंवा आठवड्याला लहान डोस मिळाले त्यांना. मोठे डोस एकदम घेणाऱ्यांना लाभ नव्हता. मग नव्या चाचण्यांची भर पडत गेली. २०२५ मध्ये हीच बेरीज ४६ चाचण्या आणि सुमारे ६४ हजार लोकांपर्यंत पोचली, तेव्हा लाभ इतका आक्रसला होता की तो योगायोगापासून वेगळा काढता येईना. पुरावा वाढत गेला तसा परिणाम लहान होत गेला. हे मान्य करणे सूर्यभक्तालाही कठीण जाऊ नये.

तरीही या अभ्यासांच्या ढिगात दोन चाचण्या शेजारी ठेवून पाहाव्यात अशा आहेत. मंगोलियात उलानबातरच्या कडाक्याच्या हिवाळ्यात शाळकरी मुलांची सरासरी पातळी अवघी ७ नॅनोग्रॅम होती. तिथे २४७ मुलांपैकी काहींना ३०० युनिट ड घातलेले दूध रोज दिले. सात आठवड्यांच्या या प्रयोगानंतर पालकांनी सांगितलेल्या सर्दी-खोकल्याच्या तक्रारी त्या मुलांत जवळपास निम्म्या होत्या. काबूलमध्ये तीन हजारांवर तान्ह्या मुलांपैकी निम्म्यांना दर तीन महिन्यांनी १ लाख युनिटचा डोस दिला. २०१२ मध्ये निष्कर्ष आले: न्यूमोनिया रोखला गेला नाही. एकीकडे रोजचे दूध, दुसरीकडे तीन महिन्यांनी एक घोट. मंगोलियातली चाचणी छोटी आहे, तिच्यावर इमला उभारता येणार नाही. पण शरीराला रोजचे थोडे लागते, हे सूत्र मार्टिनो यांच्या आकड्यांतही होते. आपल्याकडे डोस रेटून देण्याची जी सवय लागली आहे, तिच्यासाठी ऑस्ट्रेलियातला एक अनुभवही पुरेसा आहे. तिथे वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिल्यावर त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे कमी होण्याऐवजी वाढले. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय पुड्यांमागून पुड्या घेत राहिल्यास रक्तात कॅल्शियम साचते आणि मूत्रपिंडांना इजा होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्याकडे ही पातळी एवढी कमी का? २०१६ ते १८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच वर्षांखालील १४ टक्के, पाच ते नऊ वयाच्या १८ टक्के आणि किशोरवयीन २४ टक्के मुलांमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. ऊन वर्षभर असलेल्या देशात मूल जसजसे मोठे होते तसतशी कमतरता वाढते. दिल्ली परिसरातल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन ठिकाणची नऊ महिने ते दोन वर्षे वयाची बाळे तपासली होती. धुराने कोंदलेल्या मोरी गेट भागातल्या बाळांची सरासरी पातळी १२ नॅनोग्रॅमच्या आसपास होती. तुलनेने स्वच्छ हवेतल्या गुडगावच्या बाळांची २७. शहरे शेजारची, सूर्य तोच. मधल्या धुरक्याने अतिनील किरण अडवले होते. तिरुपती परिसरातल्या अभ्यासांत शेतात राबणाऱ्यांची पातळी शहरवासीयांपेक्षा चांगली निघाली. मुंबई-पुण्यातल्या दाटलेल्या वस्त्यांत दोन इमारतींमधल्या बोळात दुपारी किती ऊन उतरते, खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाने ड का तयार होत नाही, दिवसभर कामाच्या जागी बंद असलेल्या माणसाने ऊन कधी अंगावर घ्यायचे, हे या आकड्यामागचे प्रश्न आहेत.

इथे आजच्या सणाच्या निमित्ताने एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सकाळच्या कोवळ्या उन्हाला अर्घ्य द्यावे, त्यात सूर्यनमस्कार घालावेत. मन आणि शरीर दोन्हींना ते हितकर आहे. पण ड तयार करणारे किरण कोवळ्या उन्हात जवळजवळ नसतात. ते मिळतात आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हा, म्हणजे साधारण अकरा ते तीनच्या दरम्यान. चेहरा, हात, पाय उघडे ठेवून काही वेळ त्या उन्हात काढावा लागतो आणि सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक वेळ. शाळेची मधली सुट्टी नेमकी याच वेळी असते, आणि ज्या शाळांना मैदानच नाही तिथे ती सुट्टी वर्गात नाही तर व्हरांड्यात जाते.

म्हणून कमतरता भरून काढण्याची बाजू आम्ही ठामपणे घेतो, पण योग्य कारणासाठी. बाळाला पहिले वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यावेत, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. ते गावातल्या आरोग्य केंद्रापर्यंत पोचले पाहिजेत. गरोदर स्त्रिया, घराबाहेर न पडणारे वृद्ध आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्याकडे डॉक्टरांनी लक्ष द्यावे. धडधाकट प्रौढाने दरवर्षी रक्त तपासून आकड्याची काळजी करत बसण्याची गरज नाही. अमेरिकेतल्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ मध्ये सरसकट तपासणी नको असेच म्हटले. त्यापेक्षा फिनलंडचा मार्ग धरावा. तिथे २००३ पासून दुधात आणि लोण्यासारख्या पदार्थांत ड घालायला सुरुवात झाली आणि २०११ पर्यंत गोळ्या न घेणाऱ्या, पण असे पदार्थ किंवा मासे शिफारशीप्रमाणे खाणाऱ्या दहांपैकी नऊ प्रौढांची पातळी पुरेशी झाली होती. त्यासाठी त्यांना पुडी विकत घ्यावी लागली नाही. भारतातही दूध आणि खाद्यतेल ड जीवनसत्त्वाने समृद्ध करण्याची मानके २०१८ मध्ये ठरली आहेत. बंगडा-तारली ज्यांच्या ताटात नसते त्यांच्यासाठी, म्हणजे महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांसाठी, हा मार्ग मोलाचा आहे. शालेय पोषण आहारात आणि अंगणवाडीत तो आधी पोचावा.

आणि विषाणूंपासून बचाव? तिथे ज्यांनी परीक्षा दिली आहे त्या उपायांवर भर द्यावा. वृद्धांना आणि दीर्घ आजार असलेल्यांना फ्लूची लस, हवा खेळती असलेले वर्ग आणि दवाखाने, चुलीच्या धुरापासून सुटका, वेळेवर मिळणारा प्राणवायू. करोनात डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी केले. हे कळले ते ब्रिटनच्या रुग्णालयांनी महासाथीच्या धामधुमीतही हजारो रुग्णांवर शिस्तीने चाचणी घेतली म्हणून. आयसीएमआरने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर, करोनातून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या प्लाझ्माची चाचणी घेऊन तो निरुपयोगी असल्याचे २०२० मध्येच दाखवले होते. तरी २०२१ च्या मेपर्यंत नातेवाईक प्लाझ्मासाठी रक्तपेढ्यांचे उंबरठे झिजवत होते. पुरावा हाती असून तो लोकांपर्यंत न पोचण्याची ही किंमत होती.

एकच पोषकद्रव्य काय करू शकते, यापेक्षा पुरेसे अन्न काय करू शकते, याचे उत्तर अधिक आश्वासक आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या १० हजारांहून अधिक माणसांवर चाचणी झाली. एका गटातल्या कुटुंबांना दरमहा तांदूळ, डाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये मिळाली. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. क्षय जिवाणूचा, फ्लू विषाणूचा. दोहोंची गणिते वेगळी आहेत. पण उपाशी शरीर फुफ्फुसाचा रोग पेलू शकत नाही, हे त्या तांदूळ-डाळीने सिद्ध केले.

कमी ड पातळी आपल्याला आपल्या शहरांविषयी, शाळांविषयी आणि ताटांविषयी काही सांगत असते. पुडी घेऊन आकडा वर गेला तरी बोळातला अंधार, मैदानावर उभी राहिलेली इमारत आणि रिकामे ताट तसेच राहते, आणि माणसाला गंभीर आजाराच्या तोंडी देतात ती हीच कारणे. ऊन विकत घ्यावे लागत नाही. ते अंगावर घेता येईल असे घर, शाळा आणि कामाची जागा मात्र कोणाला तरी द्यावी लागते. ते देणे नगरपालिकांवर, शाळा चालवणाऱ्यांवर आणि मालकांवर बंधनकारक करा, ही या रथसप्तमीची आमची मागणी आहे.